आमच्या घराची पत्रिका

धायरीत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा इमारतीला लिफ्ट होती, पत्ता नव्हता. म्हणजे कागदावर गट नंबर होता, पण गट नंबर विचारत कुणी कुणाकडे जेवायला गेलंय का कधी? मोबाइलच्या नकाशात तर आमच्या जागी अजून शेतच दिसत होतं.

वास्तुशांतीचा मुहूर्त सकाळी नऊ चाळीसचा. ह्यांनी बजावलं होतं, "मुहूर्त टळला तर मी जुन्या भाड्याच्या घरी परत जाईन." तिथे चहा कोण करून देणार, ते मी विचारलं नाही.

पाहुणे जमले, कलश मांडला, आणि नऊच्या सुमारास गुरुजींचा मला फोन. "धायरी फाट्यावर उभा आहे. घर सापडत नाही. पत्ता पाठवा."

सूनबाई म्हणाली, "आई, पत्ता नको. अक्षांश-रेखांश पाठवते. अख्ख्या पृथ्वीवर तसा दुसरा ठिपका नसतो."

मला पटलंच. माझी शाळा चौथीत सुटली, पण मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातून मी शिकलेय सगळं: आडव्या रेघा अक्षांशाच्या, उभ्या रेखांशाच्या. तिने तिच्या फोनवरून नुसते आकडे धाडले, अठरा अंश आणि वर काही, त्र्याहत्तर अंश आणि वर काही.

लगेच उत्तर. "जन्मवेळ?"

सूनबाई गोंधळली. मी नाही. म्हटलं, "अगं, घराची जन्मवेळ म्हणजे मुहूर्तच की! काय रसिक माणूस आहे. कळव, आज नऊ चाळीस."

तिने कळवलं, पण गुरुजी येईनात. नऊ वीसला सूनबाईच्या फोनवर आली ती चक्क पत्रिका! कुंडली काढलेली, आणि खाली: "बाळ हट्टी, पण दीर्घायुषी. आईला सुरुवातीला त्रास."

मीच फोन लावला. "गुरुजी, कुणाचं हो बाळ? आम्ही वास्तुशांतीवाले!"

"अहो, तुमच्याच पत्त्याची वाट बघतोय मघापासून! नंबर अनोळखी, आणि आम्हाला अक्षांश-रेखांश येतात ते पत्रिकेसाठी. वेळ अजून व्हायची होती, म्हटलं सिझेरियन ठरलं असेल."

ह्यांनी तेवढ्यात घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पत्ता सांगितला, माणसासारखा. "सरळ या, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे, पुढे म्हशी बांधलेल्या दिसतील. त्यांच्या पलीकडे हिरव्या शालूत रस्त्यात उभी असेल, ती मी."

आणि धावले. लिफ्ट वर अडकलेली, जिन्यानेच.

नऊ छत्तीसला स्कूटर आली. चाळीसला गुरुजी संकल्प सांगत होते: जंबुद्वीप, भरतखंड, गोदावरीचा दक्षिण तीर... हे हळूच म्हणाले, "एवढ्यावर देवाला घर सापडतं?"

गुरुजींनी पळी खाली ठेवली नाही. "सापडतं. त्याला गिरणी लागत नाही."

हे राहिले इथेच. पत्रिका मी कपाटात जपून ठेवलीय. मोरीतला नळ दर महिन्याला गळतो, लिफ्ट लहर लागली की अडते. त्रास सुरुवातीला, असं लिहिलंय खरं. सुरुवात किती वर्षांची, ते गुरुजींनी लिहिलेलं नाही.