एकीवर ध्यान ठेव

“आमा दोघीले एकच बिमारी हाय, बाई.” शेजारची म्हातारी मला असं सांगायची आणि पदर तोंडावर घेऊन हसायची. दोघी म्हणजे ती आणि तिची सोळा वर्षांची नात. सिंदेवाहीजवळच्या त्या गावात मी शाळेत शिकवायचे. नात माझ्या वर्गात होती आणि म्हातारी आमच्या कुंपणापाशी.

बिमारी खोटी नव्हती. नातीचे पाय वाढत होते, आजीचे सुजत होते. जुन्या चपला दोघींनाही होईनात. नात तासभर आरशासमोर उभी राहून तोंडावरच्या पुटकुळ्या चाचपायची. ती हटली की म्हातारी हळूच जाऊन आपलं बोळकं न्याहाळून यायची. एकीनं मोबाइल लपवावा, दुसरीनं गूळ, कारण तिला साखरेचा आजार होता. दोघी जराशा बोलण्यावरून रुसायच्या आणि कारण विचारलं तर दोघींनाही सांगता यायचं नाही. म्हातारीचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, मधल्या मध्ये ओरडून ओरडून थकायचा. त्यानं अंगणातून “कुठी चालली?” विचारलं की दोघी एकदम थांबायच्या. तुमच्याही आळीत असं एखादं घर असेल, बघा जरा.

नातीला जायचं होतं नागपूरला, नर्सिंग शिकायला. आजीला जायचं होतं जंगलात, मोहाची फुलं वेचायला. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांनी वाटून घेतलेली असतात, कागदावर नाही, तोंडी. त्यांचं झाड म्हातारीच्या सासूनं तिच्या हवाली केलेलं. मोसम आला की ती झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन लख्ख करायची आणि मग रोज पहाटे टोपली घेऊन हजर. पण एका वर्षी शेजारच्या गावातली एक बाई मोह वेचताना वाघानं नेली. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, असं म्हणतात. तेव्हापासून मुलगा आईला जंगलात जाऊ देईना. माझी नुसती हाडं उरलीत, वाघ काय खाणार, असं म्हणत ती त्याचा डोळा चुकवून परसातून निघायची. सत्तरी ओलांडलेली बाई, चोरून! मला हसू यायचं आणि ती परत येईपर्यंत जिवात जीव नसायचा.

बारावी झाली, नातीला प्रवेश मिळाला आणि मुलगा अडून बसला. मी समजावायला गेले तर माझ्यावरच चिडला. एक जंगलात पळते, दुसरी शहरात जाते म्हणते, मी कोणाकोणाच्या मागे फिरू, असं त्याचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

म्हातारी तांदूळ निवडत होती. सुपातून हात न काढता म्हणाली, “एकीवरच ध्यान ठेव. मी नाई जात मोहाले. तिले जाऊ दे.”

त्याचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून विहारात गेली आणि सगळ्यांसमोर तिनं तसा शब्द दिला. नात नागपूरला गेली.

म्हातारीनं शब्द पाळला. मोहाच्या दिवसांत ती ओट्यावर वाऱ्याकडे तोंड करून बसायची. तो गोड वास गावापर्यंत यायचा. मी शाळेतून परतताना ती मला हटकून विचारायची, फुलं पडून राहिली आहेत का. मी हो म्हणायचे आणि मला फार वाईट वाटायचं. तिचं ते पोरीसारखं रुसणं, भांडणं, सगळं थांबलं. पुढे ती विसरायला लागली. आधी माझं नाव, मग मुलाचं.

म्हातारी जाऊन आता वर्ष होत आलं. त्याआधीच्या मोसमात नात रजा काढून आली होती. शिक्षण संपून नोकरीलाही लागली होती. मुलाला उशिरा का होईना पाझर फुटला होता. आईला झाडापर्यंत न्यायला त्यानं ऑटो आणला, सोबतीला चार माणसं घेतली. नातीनं तिचा हात धरला. “चाल आजी, मोहाले जाऊ.”

म्हातारीनं तिच्या तोंडाकडे बघितलं. ओळख काही पटली नाही. तिनं हात सोडवून घेतला.

“हळू बोल, बाई,” ती म्हणाली. “मी गेली त माह्या नातीले वापस आनतीन हे लोक.”

नातीनं आग्रह केला नाही. ऑटो परत गेला. ती आजीजवळ ओट्यावर बसून राहिली, आणि आपली नात नागपूरला काय शिकते, किती हुशार आहे, ते म्हातारी तिला सांगत बसली.