शंभर यार्डांचा टेरी

गवत रोज कापा, रोज ढीग होतो. किश्श्यांचंही तेच. मँचेस्टरच्या एका मैदानावर मी तीस वर्षं गवत कापलं, रेघा मारल्या. शिक्षण चौथी, पण डोळे दोन्ही चांगले. आता आमच्या अमेरिकन फुटबॉल क्लबचा इतिहास लिहितायत म्हणे. लिहा! मूर्खपणा छापायला कागद पुरला म्हणजे झालं.

*

आमची टीम ‘प्रोफेशनल’ होती. सुरुवातीपासून! म्हणजे काय, तर मॅच संपली की प्रत्येकाला एक बर्गर आणि एक पाइंट बिअर. एक जण म्हणाला, "मला दोन बर्गर पाहिजेत, मी दोनदा पडलो."

मी म्हटलं, "मग समोरच्या टीमकडे माग. पाडलं त्यांनी!"

*

खांद्यावरचे पॅड अमेरिकेहून यायला वेळ लागणार होता. तोवर पोरांनी जुन्या सोफ्यांचा फोम कापून शर्टात कोंबला. आणि हे मँचेस्टर! दहा मिनिटं पाऊस पडला, फोमनं सगळं पाणी पिऊन टाकलं. पडलेला माणूस उठेचना. दोघांना मी गवताच्या ढकलगाडीतून बाहेर काढलं.

रेफरीनं मला विचारलं, "तुम्ही टीमचे डॉक्टर का?"

*

कोच खरा अमेरिकन. तो बोलायला लागला की पोरं टोप्या काढायची. दोन सीझन गेले, एकही मॅच जिंकली नाही. मग कळलं, हा गडी कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. मैदानाच्या कडेला बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा!

तरी त्याला ठेवला. आमच्यात हा खेळ सगळ्यात जवळून त्यानेच पाहिला होता.

*

आता माझं पाप सांगतो. मैदान शंभर यार्ड, दोन्ही टोकांना दहा-दहा, म्हणजे एकशेवीस पाहिजे. आमच्याकडे एका टोकाला जुनं ओकचं झाड, दुसऱ्या टोकाला कुंपण आणि त्याच्यापलीकडे एका म्हातारीचे कोबी. मधे एकशे आठ. झाड हलेना, म्हातारी त्याहून हलेना. मी काय केलं, दर दहा यार्डांच्या रेघेत एक-एक यार्ड खाल्ला. कोणाच्या बापाला कळलं नाही!

कोच म्हणायचा, "घरच्या मैदानावर पोरं जास्त जोरात पळतात."

*

त्याच मैदानावर टेरी शंभर यार्ड पळाला. टेरी आमचा कॅप्टन. धुकं एवढं होतं की समोरचे अकरा जण दुसऱ्याच माणसामागे गेले. हा एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणी शिवलंसुद्धा नाही. क्लबच्या भिंतीवर पाटी लागली: सगळ्यात लांब धाव, टेरी, शंभर यार्ड. चाळीस वर्षं झाली, हा माणूस दुसरं काही बोलत नाही.

त्याची बायको म्हणायची, "शंभर यार्ड पळतो, पण कचऱ्याचा बिन बाहेर काढायचा म्हटलं की गुडघा दुखतो!"

आता बायको नाही. गुडघेही दोन्ही बदलले. पाटी आहे.

*

इतिहास लिहितोय तो निखिल. नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, पोरगा हुशार, म्हणजे डोक्याला ताप. गेल्या महिन्यात क्लबचा एक नवा पोरगा सत्त्याण्णव यार्ड पळाला. तेव्हापासून निखिल मोजायचा टेप घेऊन फिरतोय. परवा आम्ही क्लबमध्ये चहा पीत होतो. मी आणि टेरी. निखिल आला, टेरीला कळावं म्हणून इंग्रजीतच बोलला.

"काका, जुनं मैदान मोजलं. झाडापासून कुंपणापर्यंत एकशे आठच भरतंय. मग टेरीची धाव नव्वदच होते. पाटी बदलावी लागेल. रेघा तुम्हीच मारायचात ना?"

टेरीनं कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही, पाटीकडे पाहत बसला.

"मीच मारायचो," मी म्हटलं. "एकशेवीस होतं. तेव्हा ते झाड मागं होतं."

"काका, दोनशे वर्षांचा ओक आहे तो!"

"मग? नंतर पुढं सरकवला. मी होतो ना तिथं!"