वाचकबाई

परब मॅडम कुठलाही लेख स्वतः म्हणून वाचत नसत. आम्ही लिहून नेलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, की त्या चष्मा काढून बाजूला ठेवत, खुर्चीत जरा मागे रेलत आणि विचारत, "आज मी कोण?" याचं उत्तर देता आलं नाही तर लेख न ऐकताच परत. उत्तर देता आलं तर त्या खरोखर ती व्यक्ती होत. कधी मुलीच्या लग्नासाठी हॉल शोधणारा मुलुंडचा बाप, कधी पाठदुखीने वैतागलेला बोरिवलीचा रिक्षावाला. माझ्याबरोबर काम करणारा योगेश त्यांना पाठीमागे 'वाचकबाई' म्हणायचा. हळूहळू मीही म्हणू लागले.

त्यांचं ऑफिस घाटकोपर पश्चिमेला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर होतं. सकाळी कॉलेज करून दुपारी मी तिथे जायची. काम असं: छोट्या दुकानदारांच्या, दवाखान्यांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट असतात, पण त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. त्यांच्यासाठी आम्ही लेख लिहायचो आणि तो दुसऱ्या, जास्त वाचल्या जाणाऱ्या साइटवर द्यायचो. शेवटी दोन ओळी आणि एक लिंक. लेख आवडला तर वाचणारा लिंकवर बोट ठेवतो आणि दुकानात पोचतो. घरी मी बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे जाहिरातच की." मी ते मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबा बरोबर बोलतात. पण जाहिरात कोणी मागून घेत नाही. आपल्याला मागून घेतील असं काहीतरी द्यायचंय."

माझा पहिला लेख वॉटरप्रूफिंगवाल्याचा होता. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेल्या माणसाने कसं लिहावं याची माझी कल्पना गाइडांमधून आलेली होती. मी छान जड शब्द गोळा केले होते.

"आज मी कोण?" मॅडमनी विचारलं.

"वाचक," मी म्हटलं.

"वाचक असा कोणी नसतो गो. नाव गाव असतं त्याला." मग माझी अवस्था बघून त्यांनीच ठरवलं. "चल, मी कांदिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी माझ्या छतातून झिरपतंय. वरची बाई दार उघडत नाही. वाच आता."

मी वाचलं, "आजच्या धावपळीच्या युगात..."

"थांब. माझ्या गादीवर पाणी पडतंय आणि तू मला युग सांगतेस?" योगेश हसला. मॅडम हसल्या नाहीत. कागदावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनी विचारलं, "हे शब्द कोणाचे? तुझे नाहीत. ज्याचे आहेत त्याला परत करून ये."

मला रडू आलं होतं. पण त्या दिवशी मी घरी जाऊन आईला विचारलं, आपल्याकडे पत्र्यातून पाणी येतं तेव्हा तू आधी काय करतेस? आई सांगत गेली, मी लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो लेख मध्येच अडवला आणि विचारलं, "मग पुढे?" योगेश खालच्या आवाजात म्हणाला, "झकास. 'मग पुढे' आलं म्हणजे पास झालीस. याहून जास्त कौतुक इथे मिळत नाही."

योगेशच्या आणि त्यांच्या जुगलबंदीत मी बरंच शिकले. योगेशला सगळं झटपट हवं असायचं. एका हाडांच्या डॉक्टरांचा लेख त्याने कुठल्याशा शब्द बदलणाऱ्या यंत्रात घातला, म्हणजे एकच लेख थोडा थोडा बदलून पुष्कळ साइटवर टाकता येईल. यंत्राने 'हाडं' काढून 'अस्थी' घातलं. लेखाचा शेवट झाला, 'आजच आमच्या दवाखान्यात अस्थी घेऊन या.'

"मेल्या," मॅडम म्हणाल्या, "पेशंट अजून जिवंत आहे."

"मॅडम, सर्चमध्ये वर यायला लागतं ना."

"वर येऊन काय करायचंय? वर गेल्यावर दार उघडलं आणि आत कोणीच बोलत नसलं, तर माणूस खाली उतरतो."

दुसऱ्या एका लेखात त्याने प्रत्येक परिच्छेदात दुकानाचं नाव आणि लिंक घातली होती. त्यावर त्या म्हणाल्या, "जेवायला बोलावलंस आणि प्रत्येक घासाला हातात कार्ड देतोयस. जेवू दे ना त्याला. हात धुतल्यावर दे एकदा."

एकदा वेसावच्या एका कोळीणमावशींच्या सुक्या मासळीचा लेख होता. चांगले बोंबील कसे ओळखायचे, ते ठेवायचे कसे, असं सगळं मावशींशी फोनवर तासभर बोलून मी लिहिलं होतं. तो योगेशने घाईत उपवासाच्या पदार्थांच्या साइटवर टाकला. खाली जे अभिप्राय आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मॅडमनी स्वतः मावशींना फोन केला आणि माफी मागितली. मावशी तिकडून खो खो हसत होत्या. त्याच साइटवरून दोन वाचक बायकांनी गुपचूप बोंबील मागवले होते म्हणे. मॅडमनी फोन ठेवला आणि योगेशला म्हणाल्या, "नशीबवान आहेस. पण पुढच्या वेळी, घर कोणाचं आहे ते बघून आत शिर."

अशा बाईच्या हातून एखादा लेख चुकेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

मॅडमची आई मुलुंडला पाळणाघर चालवायची. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खाली सतरंज्या, भिंतीशी तीन झोळ्या. आम्ही तिला आजीच म्हणायचो. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं, त्या आणि आजी तिथेच मागच्या खोलीत राहायच्या. समोरच्या नव्या टॉवरमध्ये एक मोठं पाळणाघर सुरू झालं, ज्यात मुलं दिवसभर काय करतात ते आईबापांना फोनवर दिसायचं. आजीकडची मुलं एकेक करून कमी होत गेली. उरलेली जूनमध्ये शाळेत जाणार होती. मॅडमचा भाऊ पुण्याला असतो. त्याने सांगून टाकलं, जूनमध्ये नवीन मुलं आली नाहीत तर बंद कर आणि माझ्याकडे ये. आजी मात्र झोळ्यांचं कापड रोज धुवायची, रिकाम्या झोळीचंसुद्धा. मॅडमनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, आणि सांगताना खिडकीबाहेर बघत होत्या.

"हा लेख मी लिहिते," त्या म्हणाल्या.

योगेशने आजीसाठी साधी वेबसाइट केली. मॅडमनी दार लावून लेख लिहिला. पहिल्यांदाच त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला नाही. परस्पर जिथे जिथे फुकट देता येईल तिथे दिला. आम्ही तो नंतर स्क्रीनवर वाचला. 'मुलुंडमधील सर्वोत्तम पाळणाघर' हे पहिल्याच परिच्छेदात पुन्हा पुन्हा आलं होतं. 'आईची माया' होती, 'घरचं वातावरण' होतं, 'उज्ज्वल भविष्याचा पाया' होता. दर दोन ओळींनी लिंक होती. योगेश माझ्याकडे बघत राहिला. "हे मी लिहिलं असतं तर मला माळ्यावरून खाली ढकललं असतं," तो म्हणाला. पण तो हसत नव्हता.

फोन आले, नाही असं नाही. एक खेळणी विकणाऱ्याचा, एक विमावाल्याचा, एक त्या दोन खोल्या विकायच्या आहेत का असं विचारणाऱ्याचा. एकाही आईचा नाही. मे महिना चालला होता. मॅडम फोन वाजला की झडप घालायच्या आणि मग हळूच ठेवायच्या.

मला धीर होत नव्हता. माझ्या शिक्षणात जे काही होतं त्यातलं बरंचसं त्यांनीच दिलेलं, त्यांना मी काय सांगणार? शेवटी एका दुपारी योगेश जेवायला गेला असताना मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, "मॅडम, तो लेख मला वाचून दाखवाल? मी बाळाची आई आहे. सात महिन्यांचा आहे तो. सोमवारपासून मला कामावर जायचंय."

त्या रागावतील असं वाटलं. पण त्यांनी कागद घेतला. "मुलुंडमधील सर्वोत्तम," एवढं वाचलं आणि थांबल्या.

"तो रडला तर?" मी विचारलं.

"सगळीच रडतात."

"हो, पण तो रडला तर तुमची आई काय करते?"

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आई पहिल्या दिवशी बाळ हातात घेतच नाही. त्याच्या आईला सांगते, तूच बस इथे. दोन-तीन दिवस तिला बसवते बाळाला घेऊन. माझी आई बाजूला भाजी निवडत असते. बाळाला कळतं, ही बाई आपल्या आईशी बोलते, म्हणजे बरी असणार. मग ते आपणहून रांगत जातं तिच्याकडे."

"मग पुढे?" माझ्या तोंडून गेलं.

"मग आई बाळाच्या आईची वापरलेली ओढणी मागून घेते. न धुतलेली. ती झोळीत घालते. वासाने झोपतात पोरं." त्यांचा आवाज बदलला होता. "आणि चोरून निघू देत नाही. पुष्कळ आया मूल खेळात रमलं की हळूच सटकतात. आई म्हणते, तसां करू नको. तेका सांग, जातंय म्हणान. रडात तर रडांदे. आवस वळाखता म्हणान रडता." मग त्या मला म्हणाल्या, "आपल्या आईला ओळखतं म्हणून रडतं. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं ती आयांना समजावते. अर्ध्या आया तिथेच रडायला लागतात."

मी सहा वर्षांची होईपर्यंत माझी आई मला शेजाऱ्यांकडे ठेवून कामाला जायची. ती नेहमी चोरून जायची. हे मी मॅडमना सांगितलं नाही, पण मला पुढे काही विचारता येईना. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "टाइप कर. मी सांगते तसं."

तो लेख असा झाला. त्याचं नाव 'बाळाला पहिल्यांदा पाळणाघरात सोडताना'. त्यात 'सर्वोत्तम' नव्हतं. मुलुंडसुद्धा नव्हतं. कुठल्याही गावच्या, कुठल्याही पाळणाघरात जाणाऱ्या बाईला उपयोगी पडेल एवढंच होतं. शेवटी एक ओळ: माझी आई मुलुंडला पाळणाघर चालवते, वरचं सगळं तिच्याकडून शिकले. तिथेच एकदा लिंक. जुना लेख मॅडमनी जिथून काढता आला तिथून काढायला लावला, आणि हा एकाच ठिकाणी दिला, नव्या आया एकमेकींना मराठीत प्रश्न विचारतात अशा साइटवर.

पहिला फोन आला तेव्हा मॅडमनी तो स्पीकरवर ठेवला. एका बाईने विचारलं, "ओढणी नसेल तर साडी चालेल का?" ती भांडुपची होती. पुढच्या आठवड्यात ती आजीच्या सतरंजीवर बाळाला घेऊन बसली. तिने मैत्रिणीला आणलं. जूनच्या शेवटी भावाचा फोन आला तेव्हा, मॅडम सांगतात, आजीने तो उचलला आणि म्हणाली, "माका वेळ नाय, पोरां उठली."

ऑफिस मात्र त्याच वर्षी बंद झालं. लेख आता यंत्रं लिहून देतात, आणि पुष्कळ गिऱ्हाइकांना तेवढं पुरतं. आजीच्या गुडघ्यांनाही मुलं उचलून घेणं झेपेना. मॅडमनी फार विचार केला असं दिसलं नाही. योगेशला अंधेरीच्या एका कंपनीत लावून दिलं, मला सांगितलं की आधी परीक्षा दे, आणि स्वतः मुलुंडला पाळणाघर सांभाळू लागल्या. गाळ्याची चावी परत करायला आम्ही तिघं गेलो होतो. खाली फाफडा खाल्ला.

मागच्या महिन्यात मी मुलुंडला गेले होते. साइटवर एक बदल करायचा आहे, असा मॅडमचा निरोप होता. दुपारची वेळ. आजी आत आडवी झाली होती. सगळ्या झोळ्या भरलेल्या, एक बाळ मॅडमच्या खांद्यावर. त्या कुजबुजत म्हणाल्या, "वर लिही, सध्या जागा नाही. मोठ्या अक्षरात. लोक लांबून येतात आणि परत जातात, बरं नाही वाटत."

"मग फोन नंबर काढू?" मीही कुजबुजले.

"नको. नंबर राहू दे."

मी ते लिहीत होते तेवढ्यात फोन थरथरला. मॅडमनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि फोन उचलला. "जागा नाही हो," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं संपलं. पण त्या ऐकत राहिल्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या. "बोरिवलीत जिथे ठेवणार आहात, तिथल्या बाईंशी आधी त्याच्यासमोर गप्पा मारा," असं सांगू लागल्या. ओढणीचं सांगितलं. सांगून निघायचं सांगितलं. तिकडून रडण्याचा आवाज येत होता, मोठ्या माणसाचा. मॅडम थांबल्या, तो थांबेपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"नाव नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून कामावर जायचंय तिला."