वंदनावहिनीची भूक

आम्ही दादासाठी मुलगी बघायला हैदराबादहून आदिलाबादकडच्या एका गावी गेलो होतो. मुलीने पोह्यांच्या बशा आणून आमच्यापुढे ठेवल्या आणि आत न जाता स्वतःची बशी घेऊन आमच्यासमोरच बसली. तिच्या आईने डोळे वटारले. मुलगी शांतपणे म्हणाली, "मले भूक लागली माय. सकाळपासून यांचीच वाट पाहून राहिलो." मग तिने आणखी थोडे पोहे मागून घेतले. परत येताना बसमध्ये आई कपाळाला आठ्या घालून बसली होती. दादा मात्र खिडकीबाहेर बघत हसत होता. त्याने लग्नाला होकार दिला तो त्या दुसऱ्या बशीमुळे, असे मला अजून वाटते.

ती वंदनावहिनी. तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असेच बोलतात, तशीच ती आमच्याकडेही बोलत राहिली. शाळेत सगळ्या मैत्रिणी तेलुगू, त्यामुळे भुकेला ती 'आकली' म्हणायची आणि तिच्याशी पाहुणीसारखी वागायची. कामात असताना भूक लागली तर म्हणे, "आकलीबाई आली. बस माय, पाणी पी, आलोच." आमच्या घरात भुकेचे असे नाव घेत नसत. आईचे बालपण नांदेडकडच्या दुष्काळात गेले होते. उपाशी राहिलेले माणूस भुकेची थट्टा करत नाही, असे ती म्हणायची.

वहिनीचे वडील जंगल खात्यात पहारेकरी होते. तिलाही त्याच खात्यात जायचे होते, पण काठी घेऊन नाही, गणवेश घालून. लग्नाआधीच तिने अर्ज भरला होता. ते वेगळ्या राज्याच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बंद, उद्या मोर्चा, परवा परीक्षा पुढे ढकलली. शेवटी लेखी परीक्षा झाली तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. बाकापासून लांब बसून, हात पुढे करून तिने पेपर लिहिला आणि पास झाली. मग मुलगी झाली, संघमित्रा. घरात सगळे तिला मित्रा म्हणत. बाळंतपण आमच्याकडेच झाले आणि आईने आपला सगळा जीव त्या बाळंतपणात ओतला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपात भिजलेला भात. वहिनी आनंदाने खायची. मित्रा गुटगुटीत झाली आणि वहिनीही. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर होते. वर येताना ती मधल्या पायरीवर बसायची आणि गुडघे चोळायची.

अशात पत्र आले. मुलींची चालण्याची परीक्षा काही महिन्यांवर होती. चार तासांच्या आत सोळा किलोमीटर चालायचे. वहिनीने ते वाचून दाखवले आणि स्वतःच्या पायांकडे बघितले. आई म्हणाली, "कशाला आता ते? लेकरू अंगावर आहे." वहिनी म्हणाली, "आत्याबाई, तेवढं एकच काम मले येते."

दुसऱ्या दिवसापासून घरात एक ताण शिरला. वहिनीने लाडू बंद केले, मग भात, मग संध्याकाळची भाकरी. विचारले की म्हणे, "झालं ना माझं, तुमच्या आधीच जेवलो." पोह्यांची दुसरी बशी मागणारी ही मुलगी आता खोटे बोलायला लागली होती, आणि ते तिला जमत नव्हते. आवाज चिरका झाला. दादाने रुमाल मागितला तरी डोळ्यांत पाणी यायचे. मित्रा स्तनाला लागायची, सुटायची, रडायची, पुन्हा लागायची. आई दाराआडून बघत राहायची. एक दिवस तिने पदर कमरेला खोचला आणि सरळ विचारले, "लेकराच्या तोंडचं काढून अंग बारीक करतीस का गं?"

वहिनी मित्राला खांद्यावर घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिली. दादा वर्तमानपत्र उलटे धरून बसला होता.

मित्राला वजनासाठी दाखवायचे होते त्याच दिवशी बंद पुकारला गेला. रिक्षा नाही, बस नाही. दादाला कामावर, बसच्या डेपोत, अडकून पडावे लागले. म्हणून मी आणि वहिनी मित्राला घेऊन चालत निघालो. सुलतान बाजारातली सगळी दुकाने बंद होती. एरवी ज्या गल्लीत माणसाला माणूस घासून जाते तिथे आमच्या चपलांचा आवाज येत होता. पुढच्या चौकात पोलिसांची गाडी उभी होती आणि लांब कुठेतरी घोषणा चालल्या होत्या. मी भरभर चालत होते. वहिनी मागे पडली. वळून बघितले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता, ओठांवर घाम होता. ती माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, हिले धरा." मित्रा माझ्या हातात आली, आणि मगच वहिनी एका बंद कापडदुकानाच्या पायरीवर कलंडली.

मी एका हाताने लेकरू छातीशी धरले आणि दुसऱ्या हाताने वहिनीचे डोके. हाक मारायला रस्त्यावर कोणी नव्हते. समोरच्या माडीवरून एका बुरखेवाल्या बाईने बघितले. ती खाली आली ती साखरेचे पाणी घेऊनच. काही न विचारता तिने वहिनीच्या तोंडाला ग्लास लावला. वहिनीने डोळे उघडले आणि पहिले बघितले ते मित्रा कुणाकडे आहे.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिथून जवळच होता. त्यांनी मित्राला काट्यावर ठेवले, जुना कागद काढून बघितला आणि पुन्हा एकदा ठेवले. वजन मागच्या वेळेइतकेच होते. मग त्या वहिनीकडे वळल्या. "सुबू से क्या खाये अम्मा तुम?"

"चाय," वहिनी म्हणाली.

"और कल रात कू?"

वहिनी मित्राचे दुपटे सारखे करू लागली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितले. दूध पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा रोज चार-पाचशे कॅलरी जास्तच लागतात. उपास करून वजन झरझर उतरते, पण आधी अंगातले बळ जाते, मग दूध. वजन उतरवायला हरकत नाही, पण हळूहळू. भूक लागेल तेव्हा खायचे, फक्त काय खायचे ते बदलायचे. डाळ, अंडी, दही, भाजी, भाकरी, भरपूर पाणी. तळलेले आणि गोड कमी. आणि चालणे.

"इम्तेहान तक उतरेगा?" वहिनीने चालण्याच्या परीक्षेचे सांगून विचारले.

"थोडा उतरेगा. मगर चलने की ताकत आयेगी. तुमकू क्या होना, दुबला बदन या ताकत?"

वहिनीने मित्राकडे बघितले. "ताकत," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती चप्पल काढून थेट आईसमोर जाऊन उभी राहिली. रस्त्यात काय झाले ते तिने स्वतःच सांगितले, पायरीवर पडल्याचेही. "आत्याबाई, मी लेकराले उपाशी ठेवलं. चुकलो. आता जेवीन. पण परीक्षा नाही सोडत." आईने मित्राला तिच्या हातातून घेतले आणि आत गेली. त्या दिवसापासून आईने तिला नावाने हाक मारणे सोडले. काही सांगायचे असले तर मला म्हणे, "मित्राच्या आईला सांग." वहिनी शेजारीच बसलेली असायची.

पुढचे महिने मला आठवतात ते तिच्या खाण्यासाठी. बेगम बाजारातून तिने ज्वारी, हरभरे आणि मूग आणले. दर दोन-तीन तासांनी ती काहीतरी खायची. फुटाणे, उकडलेले अंडे, वाटीभर उसळ, ताक. पण अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक वेगळीच असते. मित्रा पिऊन बाजूला झाली की वहिनी थेट स्वयंपाकघरात यायची, आणि तेव्हा तिला फुटाणे नको असायचे, बिस्किटे हवी असायची, तुपातला भात हवा असायचा. ती ओट्याला धरून उभी राहायची. "आकलीबाई, तुले देतो ना. पण जे आहे तेच." आधी पाणी, मग भाकरी, मग पुन्हा पाणी. कधी ती जिंकायची, कधी आकलीबाई.

एका दुपारी मी शिकवत असे त्या शाळेतून लवकर आले. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, लाडवांचा डबा उघडा होता आणि तोंड भरलेले होते. मला बघून तिला रडू कोसळले. मी म्हटले, "वहिनी, खाल्ले तर खाल्ले, त्यात काय." ती मान हलवत म्हणाली, "खाल्लं त्याचं नाही हो रडू. लपून खाल्लं त्याचं आहे." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला आई बैठकीत असताना वहिनीने डबा आणला, एक लाडू काढला आणि सगळ्यांसमोर बसून सावकाश खाल्ला. मग ते रोजचेच झाले. डबा संपत आला की आईने नवे लाडू वळलेले असायचे. आकाराने जरा लहान, हे माझ्या लक्षात आले.

पहाटे मित्राला पाजून ती चालायला निघायची. अफझलगंजच्या पुलापर्यंत जाऊन परत. पुढे पुलाच्या पलीकडे. वजन उतरत होते, पण मुंगीच्या चालीने. मित्राचे वजन मात्र पुन्हा नीट वाढू लागले. परीक्षा जवळ आली तेव्हाही वहिनीचे लग्नातले पोलके तिला होत नव्हते. दादा घाबरून गेला होता. तो मला हळूच म्हणाला, "नाही जमलं तर ही कोसळेल गं." मी त्याला धीर दिला, पण मलाही तसेच वाटत होते.

परीक्षा शहराबाहेर, झाडीतून जाणाऱ्या एका रस्त्यावर होती. अर्ध्या वाटेवर वळायचे आणि परत यायचे. मी मित्राला घेऊन वळणापाशी कडुनिंबाखाली बसले होते. तोवर मित्रा वरणभात खायला लागली होती, पण त्या दिवशी तिने चमचा तोंडात घेतला नाही. ऊन चढले तशी तिने जी किंचाळायला सुरुवात केली ती थांबेना. मुली घोळक्याघोळक्याने येत होत्या, वळून जात होत्या. वहिनी दिसली तेव्हा ती बऱ्याच जणींच्या मागे होती. तिला मित्राचा आवाज लांबूनच गेला असणार. जवळ आली तेव्हा बघितले, तिच्या कुर्त्याचा पुढचा भाग ओला झाला होता.

ती थांबली. वळणावर क्रमांक टिपणारा माणूस म्हणाला, "अम्मा, टाइम जारा. बाद में पिलाव."

वहिनी खाली बसत म्हणाली, "दूध अब्बी आरा साब, बाद में कैसा पिलाऊँ?"

त्या माणसाने दुसरीकडे तोंड केले. मोरीच्या कठड्याआड पाठ करून वहिनीने मित्राला छातीशी घेतले. मी पदर धरून आडोसा केला. दुसऱ्या हाताने ती मी सोलून दिलेली केळी आणि अंडी खात होती, घाईने नाही, नीट चावून. समोरून मुली जात होत्या. मी घड्याळाकडे बघत होते आणि ती मित्राच्या डोळ्यांकडे. मित्रा स्वतःहून सुटली तेव्हा वहिनीने पाण्याची बाटली संपवली, लेकरू माझ्याकडे दिले आणि उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तशीच वाकून राहिली. मग चालू लागली.

मी रिक्षाने शेवटच्या रेषेपाशी गेले. दादा तिथे होता. मुली येत होत्या, कुणी रडत, कुणी हसत. वेळ संपत आली तेव्हा झाडीच्या वळणावर वहिनी दिसली. डावा पाय ओढत होती, पण थांबत नव्हती. तिने रेषा ओलांडली, टेबलापाशी उभी राहून आपला क्रमांक लिहिला जातो का ते वाकून बघितले, आणि मग मला विचारले, "मग रडली का?"

"झोपली," मी म्हटले.

घरी आल्यावर आईने पाणी तापवले, मीठ घातले आणि परात बैठकीत आणून ठेवली. मला म्हणाली, "मित्राच्या आईला सांग, पाय बुडवून बस."

त्यानंतर बराच काळ नुसती वाट बघण्यात गेला. राज्याचे दोन भाग होत होते. सरकारी कचेऱ्यांतली माणसे, खुर्च्या, कपाटे, सगळे वाटले जात होते. कोण कुठल्या बाजूला जाणार याचीच घरोघरी चर्चा होती. नवे राज्य झाले म्हणून रस्त्यावर गुलाल उधळला गेला तेव्हा वहिनी मित्राला कडेवर घेऊन गॅलरीतून बघत होती. "माझं काय होईल ते आता या राज्याले विचारावं लागंल," ती म्हणाली. मित्रा चालायला लागली, बोलायला लागली, अंगावरून सुटली. वहिनीचे वजन आणखी थोडे उतरले, पण ती बारीक कधी झाली नाही. चालणे तिने सोडले नाही. आणि एके दिवशी नेमणूक आली. आदिलाबादकडच्या जंगलात. दादाची नोकरी हैदराबादेत. बदलीसाठी तो अर्ज करणार होता, पण ते लगेच होणारे नव्हते. वहिनी मित्राला घेऊन एकटी जाणार असे ठरले.

आम्ही तिघेही तिला पोचवायला बसस्थानकावर गेलो. दादाने सामान वर चढवले. वहिनी मित्राला मांडीवर घेऊन बसली. तिचे डोळे भरले होते, आणि मी खिडकीपाशी उभी राहून काहीबाही बोलत होते. आई कुठे दिसेना. बघतो तर ती आपली पिशवी घेऊन बसमध्ये चढली होती आणि माणसांमधून वाट काढत पुढे येत होती.

दादा ओरडला, "आई, गाडी सुटेल, उतर."

"उतरायला चढले नाही मी," आई म्हणाली. "ही दिवसभर जंगलात हिंडणार. हिला आणि लेकराला वेळेवर कोण भरवणार?"

कंडक्टरने घंटी मारली. आई वहिनीच्या बाकापाशी येऊन उभी राहिली. "सरक वंदना," ती म्हणाली. "खिडकीशी मला बसू दे. मला गाडी लागते."

वहिनी सरकली.