रेवदंड्याच्या ओट्यावरचा इब्रीचा वर्ग

माझे वडील मुरुडजवळच्या वाडीत मासेमारी करत. आजोबांच्या वेळी आमचं घर ख्रिस्ती झालं होतं आणि त्या वाडीत ख्रिस्ती असं आमचं एकच घर. मी पाळक व्हावं ही आईची इच्छा. म्हणून शाळा संपल्यावर मला चौलच्या धर्मविद्यालयात पाठवलं. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. नारळी-पोफळीच्या बागेत एक जुना कौलारू बंगला, त्यातच आमचे वर्ग, त्यातच राहायचं, त्यातच जेवायचं. आम्ही थोडेच विद्यार्थी होतो. बाकीचे बहुतेक पुण्या-नगरकडचे, शुद्ध बोलणारे. मी तोंड उघडलं की ते एकमेकांकडे बघत.

विद्यालयाचे प्रमुख स्वतः पाळक होते. आम्ही त्यांना पाळकसाहेब म्हणत असू. उंच, किरकोळ, धोतरावर लांब कोट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सकाळची प्रार्थना करायला उभं केलं. मी ऐकून पाठ केलेली जड जड वाक्यं म्हणू लागलो आणि मध्येच अडकलो.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "घरी आईशी काय बोलतोस?"

"आमचं बोलनं वायलं हाय, साहेब."

"मग त्यात बोल. देवाला ते येतं."

वडील त्या दिवशी होडी घेऊन खोल समुद्रात गेले होते आणि वारा सुटला होता. मी म्हणालो, "देवा, माजे बापसाची होरी सुखरूप येऊं दे. आय वाट बघतेय." एवढंच. कुणी तरी हसायला लागलं, पण पाळकसाहेबांनी इतक्या मोठ्यानं 'आमेन' म्हटलं की हसणारा गप्प झाला. त्या दिवसापासून त्या घरात मला परकं वाटलं नाही.

पण ज्यांच्याविषयी सांगायचं आहे ते आमचे इब्रीचे गुरुजी. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, जुना भाग मुळात इब्री म्हणजे हिब्रू भाषेत लिहिलेला. तो मुळातून वाचता यावा असा पाळकसाहेबांचा हट्ट होता आणि ती भाषा जाणणारा माणूस त्यांना शेजारच्या रेवदंड्यातच सापडला होता. गुरुजी बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी यहुदी. त्यांच्या घराण्यात पूर्वी तेलाचा घाणा चाले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना अजून शनवार तेली म्हणत. ते स्वतः मात्र मराठी शाळेत हेडमास्तर होऊन निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मशिदीत (त्यांच्या प्रार्थनामंदिराला सगळा गाव मशीदच म्हणे) सणासुदीला शास्त्र वाचत. काळी टोपी, हातात छत्री, बागांमधल्या वाटेनं चालत यायचे.

पहिल्या दिवशी आम्ही बाकांवर बसलो आणि पाळकसाहेब आत येऊन आमच्या शेजारी बसले. आम्हाला वाटलं, वर्ग कसा चालतो ते बघायला आले असतील. पण त्यांनी पाटी काढली! त्यांनाही इब्री येत नव्हतं. गुरुजी त्यांना आमच्यासारखंच वागवत. एकदा साहेब कुणा पाहुण्यांमुळे उशिरा आले, तर गुरुजी खडू खाली न ठेवता म्हणाले, "या. कालचा धडा तुम्ही म्हणून दाखवा." साहेब उभे राहिले, चुकले, आणि कान धरून खाली बसले. आम्ही पोट धरून हसलो, तेही हसले. प्रमुखालाही अजून शिकायचं असतं, हे मी तिथं पाहिलं.

गुरुजींनी शिकवलेला पहिला शब्द होता 'शेमा'. म्हणजे ऐक.

"आता सांग," ते मला म्हणाले, "आई 'माझं ऐक' म्हणते तेव्हा तिला काय हवं असतं? तुझे कान शाबूत आहेत का, ते बघायचं असतं?"

"न्हाय गुरुजी. ती सांगते तसं करायचं असतं."

"झालं! इब्रीतही तसंच आहे. ऐकणं आणि तसं वागणं, दोन्हीला शब्द एकच. मराठी आईच्या मुलाला ही भाषा अवघड जाऊ नये."

इतका वेळ मला ती उलटी लिहायची अक्षरं काटेरी वाटत होती. त्या एका वाक्यानं ती घरची झाली.

दुसऱ्या वर्षी विद्यालयाच्या समितीतले एक गृहस्थ मुंबईहून आले. वर्गात बसले, शिकवणं ऐकलं आणि शेवटी सगळ्यांसमोर गुरुजींना विचारलं, "आपण आमच्या प्रभूला मानत नाही ना?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मग आमच्या मुलांना आपण काय शिकवणार?"

"व्याकरण," गुरुजी शांतपणे म्हणाले. त्यांनी फळा पुसला, छत्री घेतली आणि ते निघून गेले.

मग पाळकसाहेबांच्या खोलीत बराच वेळ बोलणं चाललं. दार उघडं होतं, आम्ही व्हरांड्यातून ऐकत होतो. पाहुणे म्हणत होते, असला माणूस या आवारात शिकवायला येता कामा नये. साहेबांचा आवाज चढला नाही. "ज्या शास्त्रातून आपला प्रभू शिकला, ते या माणसानं लहानपणापासून जपलंय. मी त्यांना येऊ नका म्हणून सांगणार नाही. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही सांगा."

सांगायची वेळच आली नाही. पुढच्या तासाला गुरुजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आपल्यामुळे साहेबांना त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःच येणं थांबवलं होतं. वर्गात आम्ही नुसते बसून होतो. पाळकसाहेबांनी एकदा वाटेकडे पाहिलं आणि उठले.

"पाट्या घ्या. चला."

"कुठं, साहेब?"

"या आवारात शिकवू नका म्हणालेत. रेवदंड्यात शिकू नका, असं कुणी म्हटलेलं नाही."

आम्ही सगळे त्यांच्या मागून चालू लागलो. रेवदंड्याच्या जुन्या तटातून आत शिरलो तेव्हा लोक दारात येऊन बघायला लागले. गुरुजी ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आम्हाला पाहून अडकित्ता त्यांच्या हातातच राहिला.

पाळकसाहेब पायरीखाली उभे राहून म्हणाले, "गुरुजी, आम्हाला उशीर झाला. आत येऊ का?"

 आत जाऊन गुरुजींनी स्वतः चटई आणली आणि अंथरली. चष्मा पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. मग म्हणाले, "मागचा धडा कोण म्हणतंय?"

त्यानंतर आमचा इब्रीचा वर्ग त्या ओट्यावरच भरू लागला. दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी ठोकलेली होती, तिच्यात शास्त्रवचन. घरातलं माणूस आत-बाहेर करताना तिला बोट लावून ते ओठांना टेकवायचं. गुरुजींच्या पत्नी आम्हाला कोकमाचं सरबत द्यायच्या आणि दारामागून आमचे उच्चार ऐकून हसायच्या. शुक्रवारी तास लवकर संपे, कारण आत शब्बाथाचा स्वयंपाक चालू असे आणि नारळाच्या दुधातल्या कालवणाचा वास सुटला की आमचं कुणाचंच लक्ष लागत नसे. समितीनं पाळकसाहेबांना मुंबईला बोलावून घेतलं, खडसावलं म्हणे. ते परत आले आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आमच्याआधी ओट्यावर हजर होते.

माझं शिक्षण संपत आलं, तेव्हा गुरुजींचे दोन्ही मुलगे इस्राएलला जाऊन स्थायिक झाले होते. आई-वडिलांनीही यावं म्हणून त्यांनी सगळी व्यवस्था केली. गुरुजींच्या मनातून जायचं नव्हतं, पण पत्नीला नातवंडं बघायची होती. निघण्याआधी त्यांच्याकडे मलिदा होता. घरात काही शुभ असलं, कुणी प्रवासाला निघालं की गोड पोह्यांचं ताट, त्यात खोबरं, फळं मांडून ते लोक देवाचे आभार मानतात. आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं. प्रार्थना इब्रीत चालली होती आणि मला ती कळत होती. प्रसाद वाटून झाल्यावर गुरुजींनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "होडीवाल्याच्या मुला, क्रियापदं विसरू नकोस." आशीर्वाद म्हणून मला ते पुष्कळ होतं.

त्यांना पोचवायला पाळकसाहेब आणि मी रेवसच्या धक्क्यापर्यंत गेलो. तिथून मुंबईची लाँच. गुरुजींच्या पत्नींना सगळे शेजारी भेटून गेले होते, तरी त्या मागे वळून बघत होत्या. लाँच सुटायच्या वेळी दोघं म्हातारे समोरासमोर उभे राहिले. एकानं 'शालोम', म्हणजे शांती असो, म्हटलं, दुसऱ्यानंही 'शालोम' म्हटलं. साहेबांचा उच्चार चुकला.

"लो दीर्घ," गुरुजी म्हणाले आणि फळीवरून लाँचमध्ये चढले.

लाँच दिसेनाशी झाल्यावर आम्ही एसटीच्या थांब्यावर आलो. गाडीला वेळ होता. साहेबांनी मला शेजारच्या हॉटेलात नेलं, चहा आणि पाव मागवला. पाव त्यांनी तसाच बशीत ठेवला.

"मला मोठा भाऊ नव्हता," ते म्हणाले.

मी त्यांचा गार झालेला चहा परत देऊन दुसरा गरम मागवला. तो त्यांनी घेतला. मग गाडी आली, आणि चौल येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत माझ्या खांद्याला टेकून बसले होते.