मेमरी पाचशे बारा

ईशान, जुई — हे मी आजवर एका जणीखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. ते तेव्हा होते, शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले असायचे. सांगायला किती पावलं जायचं होतं? चार. ती मी गेले नाही.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते. आज मराठीत लिहिते आहे, कारण खोटं बोलले ते मराठीत. जुई, तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

आधी माझ्याविषयी थोडं — तुम्हाला माहीत असलेलंच, पण ते इथे लागणार आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन महाडला आले. तेव्हा या गल्लीत इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे यायचं. तुडीलचे, दासगावचे लोक आखातातल्या नोकरीचे करार घेऊन यायचे. मी एकेक ओळ वाचून सांगायची, लाल पेन्सिलीने खुणा करायची, सही कुठे करायची नाही तेही सांगायची. शिकवण्या घेतल्या त्या वेगळ्याच. ‘बाईंनी वाचलंय’ म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. मला ते आवडायचं. का आवडू नये? मी नीट वाचत होते. माझ्या वाचण्यामुळे कुणाचं नुकसान झालं असं चाळीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं.

आणि माझ्या फाइली तुम्ही पाहिल्या आहेत. महाडच्या पुराचं पाणी ओळखून आम्ही महत्त्वाचा कागद खाली ठेवतच नाही. माझे सगळे कागद माळ्यावर, प्लास्टिकच्या खिशांत, वर्षावार. म्हणजे ‘कागद सापडला नाही’ असं म्हणायचीही मला सोय नाही.

सुवर्णा तुम्हाला आठवते का? ईशान, तुला आठवत असेल — वेगळ्या कारणाने. त्याच्याकडे येते मी.

सुवर्णा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाडीतली. घरी म्हशी, शेळ्या, थोडी नाचणी. तिची आई भागूबाई आपल्याकडे तूप घालायची. मुलगी महाडच्या कॉलेजात संगणक शिकली आणि इंग्रजीसाठी माझ्याकडे यायची. कमी बोलणारी. पण बोलली की नेमकं. सहा वर्षांपूर्वी तिला एका प्रशिक्षणात जागा मिळाली — लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, आणि सिक्युरिटी. सहा महिने, घरबसल्या, पडद्यावरून. जे सगळी प्रात्यक्षिकं पुरी करतील त्यांना शेवटी नोकरीसाठी बोलावणार होते. अट एकच, लॅपटॉप स्वतःचा हवा.

वाडीत ‘सिक्युरिटी’ हा शब्द पोचला आणि गोंधळ उडाला. आमच्याकडे सिक्युरिटी म्हणजे कारखान्याच्या गेटवरचा माणूस. वडील दोन दिवस जेवले नाहीत म्हणे — पोरीला शिकवली ती गेटवर उभी करायला काय? भागूबाई मात्र मजेत होती. मला म्हणाली, “बाई, बंदूक देतील काय ओ तिला? दिली तर बरां होयल. वानरां लय झालीत.” मी दोघांना बसवून समजावलं. चोर दारातून येत नाहीत, तारेतून येतात, आणि ही त्यांना आत येऊ देणार नाही. वडिलांना पटलं. म्हैस विकायची ठरली. आणि लॅपटॉप निवडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

आपोआप? नाही, मीच ते घेतलं.

मी तुला लिहिलं, ईशान. तू लगेच उत्तर धाडलंस, इंग्रजीत, चांगलं पानभर. मी ते छापून आणलं. तू लिहिलं होतंस की नवा कोरा घेऊ नका, ऑफिसांतून निघालेला जुना दणकट घ्या, त्याच पैशात दुप्पट काम देईल. लिनक्स त्यावर चालतंच. मेमरी सोळा जीबी हवी, निदान आठ तरी, आणि पुढे वाढवता येणारी. ‘मेमरी सोळा’ याखाली मी लाल रेघ मारली. खाली आणखी एक ओळ होती. त्या ओळीखाली रेघ मारली नाही, कारण ती माझ्यासाठी नाही असं मला वाटलं. ती ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांच्यासाठी असावी. मी तिच्यावरून नुसती नजर फिरवली आणि पुढे गेले.

वीर स्टेशनच्या रस्त्याला एक जण असे जुने लॅपटॉप विकायचा. सुवर्णाने तिथे एक बघून ठेवला होता. जाडजूड, काळा, कळांवरची अक्षरं अर्धी झिजलेली. म्हणाली, “बाई, दिसायला बरा नाय, पण आत आठ आहे आणि अजून आठ बसते.” मी त्या झिजलेल्या कळा पाहिल्या. दुसऱ्याची बोटं लागलेली वस्तू — म्हैस विकून? मला ते खपेना. तिला घेऊन मी रिक्षाने परत आले आणि बाजारपेठेतल्या दुकानात गेले.

दुकानदार माझा जुना विद्यार्थी. उठून उभा राहिला. त्याने एक चंदेरी, पातळ लॅपटॉप काढला आणि म्हणाला, “मेमरी पाचशे बारा, बाई.” इथे सगळे तसंच म्हणतात. मोबाइलमधल्या कार्डाला आम्ही मेमरीच म्हणतो, तिच्यात लग्नाचे फोटो मावतात. त्याने फसवलं नाही. मी मनात हिशेब केला — ईशानने सोळा सांगितली, इथे पाचशे बारा! केवढी चढ. मी मान डोलावली.

तेव्हा सुवर्णा माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाली, “बाई, रॅम चारच हाय यात. कमी पडंल.”

घाईत तिची भाषा वाडीवर जायची. ती संगणक शिकलेली होती, मी नव्हते. तिला काय म्हणायचंय हे विचारायला किती वेळ लागला असता? पण दुकानात माझा विद्यार्थी उभा होता, आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, “ईशानने हाच घ्यायला सांगितलाय.”

तू सांगितला नव्हतास. पण कॅनडातल्या इंजिनिअरचं नाव निघाल्यावर डोंगरावरची मुलगी काय बोलणार? तिने माझ्या कोपरावरचा हात काढून घेतला. लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांत काही वाटलं तर आणा, बदलून देतो.

इथवरच्या गोष्टीला मी चूक म्हणेन. चूक मला सोसते. मुलांच्या वह्यांत मी हजारो पाहिल्या. जे सांगायचं आहे ते यापुढचं.

वाडीत रेंज नाही, म्हणून सुवर्णा रोज दुपारी मिनीडोर रिक्षाने आपल्याकडे यायची आणि वरच्या खोलीत बसून शिकायची. त्या अभ्यासात एका संगणकाच्या पोटात आणखी दोन संगणक उघडायचे असतात. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तो परतवायचा. तिचा लॅपटॉप पहिला उघडताना धापा टाकायचा आणि दुसरा उघडला की थिजायचा. पडदा तसाच. ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायची. वाट बघण्यातच तास संपायचा. पडद्यावरचे शिक्षक एक आणि मुलं खंडीभर — त्यांनी सांगितलं, मशीन तपासून घ्या. ती म्हणाली, मशीन जाणकाराने निवडलेलं आहे, सर.

हे मी जिन्यात ऐकलं. पाचव्या दिवशी.

मी माळ्यावरून तुझा कागद काढला, ईशान. ती बिनरेघेची ओळ वाचली. तू लिहिलं होतंस: मेमरी म्हणजे रॅम, मशीन काम करताना वापरतं ती; तिकडच्या दुकानात पाचशे बारा वगैरे सांगतील ती नुसती साठवणीची जागा, तिला भुलू नका. स्वच्छ, सोपं इंग्रजी. माझ्यासारख्या माणसासाठीच लिहिलेलं.

तीन दिवस हातात होते. दुकान दहा मिनिटांवर. जाऊन एवढंच म्हणायचं होतं — माझी वाचायची चूक झाली, हा बदलून द्या. किंवा पैसे परत घ्या आणि वीरला जा. मी काय केलं? कागद खिशात घातला, खिसा फाइलीत, फाइल माळ्यावर. सहावा दिवस गेला. सातवा गेला. आठव्या दिवशी मी घर झाडून काढलं, स्वच्छच होतं तरी.

आणि त्याच संध्याकाळी ती जिना उतरून खाली आली. मी भाजी निवडत होते. दारात उभी राहून तिने विचारलं, “बाई, यावर होईल असं दादा म्हणाले होते ना?”

“हो,” मी म्हणाले. “तो स्वतः अशाच मशीनवर शिकला.”

हे आहे ते. यासाठी एवढं लिहिलं.

पहिलं वाक्य पुरलं असतं. दुसरं मी वर घातलं — कुणी मागितलं नव्हतं. ते घातलं तेव्हा मला ठाऊक होतं की दुकान अजून दोन तास उघडं आहे. तिचा चेहरा पडला नाही, ती रडली नाही. तिने फक्त मान हलवली, समजलं अशी, आणि परत वर गेली. काय समजलं होतं तिला? की मशीन पुरेसं आहे. ईशानदादांना पुरलं. मग कमी कोण पडतंय?

दादांना एकदा फोन करू का, असं तिने नंतर एकदा विचारलं. तो कामात असतो, असं मी सांगितलं.

तिची प्रात्यक्षिकं अर्धी राहिली. नोकरीसाठी बोलावलं ते इतरांना. ती इथल्याच एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात लागली, पावत्या टाइप करते. काम वाईट नाही. वडील म्हणतात, गेटवरनं आत तरी बसवली. ती हसते. दर मे महिन्यात मला करवंदं आणून देते. मी ती घेते — काय म्हणून घेते, सांगा.

ईशान, दोन वर्षांनी तू आलास तेव्हा ती आपल्याकडेच आलेली होती, पण स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तू तिच्यासाठी लिनक्सचं पुस्तक आणलं होतंस, ते ती इथेच ठेवून मागच्या दाराने गेली. तू मला विचारलंस, माझं काही चुकलं का? मी म्हणाले, नाही रे, ती आहेच माणूसघाणी.

ती माणूसघाणी नाही. तुझ्यासमोर यायची तिला लाज वाटत होती. तुला जे जमलं ते आपल्याला जमलं नाही म्हणून. आणि मी तिच्या लाजेला तिचा स्वभाव म्हणाले, तेही तुझ्यापाशी.

गेल्या महिन्यात तिच्या साहेबांनी विचारलं की आपल्या खात्यातले संगणक आता लिनक्सवर जाणार आहेत, तू शिकशील का, कंपनी पाठवेल. ती हे मला सांगायला आली आणि सांगता सांगता स्वतःच नाही म्हणाली. “नको बाई. ते आपल्या डोक्याचं काम नाही. दादा तसल्याच मशीनवर शिकले, मला कुठं जमलं?” सहा वर्षांनी, माझंच वाक्य. जसंच्या तसं. मी भाजी निवडताना सहज घातलेलं.

मी शिडी लावली. या वयात लावू नये म्हणतात. फाइल काढली, कागद तिच्या हातात दिला आणि समोर बसले. तिने सावकाश वाचला. ती इंग्रजी मीच शिकवलेली, बोट ठेवून वाचते. लाल रेघेशी थांबली. खालच्या ओळीशी जास्त थांबली. मग मी सगळं सांगितलं, आठ दिवस एकेक करून. आणि ते दुसरं वाक्यही — की ते खोटं होतं, आणि ईशान, तुला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

मला वाटलं ती चिडेल. मी तयारीने बसले होते. तिने त्या खालच्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे दुकानात मी बरोबर बोललेली.”

“हो,” मी म्हणाले. “तूच बरोबर होतीस.”

तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि उठली. चहा ठेवलेला होता. तो तिने घेतला नाही.

त्यानंतर ती आलेली नाही. परवा तूप घेऊन भागूबाई आली. तिला काही ठाऊक नसावं, किंवा असावं. तिने सांगितलं की पोरगी साहेबाला हो म्हणाली, आणि रविवारी एकटीच वीरला जाऊन काळा, जाडा, जुना लॅपटॉप घेऊन आली. कुणाला विचारलं नाही. “अक्षरां पण नाय ओ त्याच्यावर,” भागूबाई म्हणाली, “पण ती न बघताच बडवते.”

ईशान, ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. तू माझ्याकडे कधी चुकीचा सल्ला धाडला नव्हतास. तशा मशीनवर तू कधी शिकला नव्हतास. ते मी रचलं. तुझं नाव घेऊन रचलं.

तुझा कागद आता सुवर्णाकडे आहे. फाइलीतला तो खिसा रिकामा झाला, त्यात या पत्राची प्रत घालते आहे. शिडी अजून तिथेच उभी आहे.

— आजी