सरांची बोलणी खाणारं स्टूल

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला दुखावलेलं नाही, आणि तरीही त्यांच्याइतका रागावणारा माणूस सिल्वासापासून खानवेलपर्यंत शोधून सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं खरी आहेत. सर रागवायचे ते स्टुलाला. आमच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक डगमगणारं लाकडी स्टूल होतं. चूक कुणाचीही असो, सर त्याच्यापुढे जाऊन उभे राहत. आमचे ऑपरेटर पाटीलभाऊ नंदुरबारहून सुट्टी वाढवून आले, तेव्हा सर स्टुलाला म्हणाले, "गावी गेलास की परतीचा रस्ता विसरतोस का रे?" पाटीलभाऊंची मान खाली. मी एकदा कामाच्या नादात डबा तसाच घरी नेला, तर दुसऱ्या दिवशी स्टुलाला ऐकावं लागलं, "उपाशीपोटी डोकं चालत नाही. वेळेवर जेवत जा." नव्या माणसाला वाटे, सरांचंच डोकं फिरलंय. आठवडाभरात तोही स्टुलाकडे बघून "सॉरी सर" म्हणू लागे.

आमचा कारखाना नरोलीकडचा, साध्या प्लास्टिकचा. सरांना मात्र वीज वाहून नेणारं प्लास्टिक हवं होतं, तेही लेसरने काचेवर चढवलेलं, केसाहून कितीतरी पातळ. हवा काढून घेतलेल्या पेटीत त्या प्लास्टिकची वडी ठेवायची, तिच्यावर लेसरचे फटके मारायचे, आणि उडालेले कण समोरच्या काचेवर बसून थर जमायचा, अशी योजना. जमायची ती काजळी. एवढं नाजूक प्लास्टिक, ते फटक्यासरशी करपून जाई. पाटीलभाऊ काच उजेडात धरून म्हणत, "सर, हाई तर पुरं जळी गयं."

शेवटी एक दिवस शेठ आले. "जुओ साहेब, शनिवार सुधी तुमच्या या काचेतून वीज जाऊन बल्ब पेटला तो ठीक. नहीं तो ही खोली पॅकिंगला, अने मशीन भंगारमां." सरांचा सगळा जीव त्या खोलीत. पण शेठना उलट बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. शेठ गेल्यावर त्यांनी स्टुलाची जी हजेरी घेतली, ती ऐकून मलाच त्याची दया आली.

शुक्रवारी सकाळी पाटीलभाऊ पेटीचं झाकण लावायला विसरले. सर नेहमीप्रमाणे स्टुलावर कडाडले, आणि तिकडे पाटीलभाऊ झाकणाकडे धावले. सर वाक्य अर्धवट टाकून थांबले. एकदा स्टुलाकडे, एकदा पाटीलभाऊंकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लेकी बोले सुने लागे. आणि आपण इतके दिवस सुनेलाच बडवतोय."

त्यांनी ते प्लास्टिक पाण्यात कालवलं, द्रव नायट्रोजनने त्या पाण्याचा बर्फ केला आणि लेसर बर्फावर सोडला. फटका खाल्ला बर्फाने. त्याची वाफ झाली, आणि तिच्यासोबत प्लास्टिकचे कण अलगद उठून, न करपता, काचेवर जाऊन बसले. ही युक्ती परदेशात कुणाला तरी आधीच सुचली होती, हे आम्हाला पुढे कळलं. असेना का. आम्हाला ती स्टुलाने शिकवली.

शनिवारी शेठनी स्वतःच्या हाताने थराने निळसर झालेल्या त्या काचेला तारा टेकवल्या आणि दिवा पेटला. एवढासा दिवा, पण आम्ही असे नाचलो की बाजूच्या खात्यातली माणसं काम सोडून बघायला आली. शेठनी पेढे मागवले. पाटीलभाऊंनी झेंडूचा हार आणला आणि सगळ्यांदेखत स्टुलाला घातला. सर पहिल्यांदाच त्याच्यापुढे गप्प उभे होते.

खोली वाचली. आता शेजारची खोलीही आमचीच आहे. सर मात्र त्याच वर्षी निवृत्त होऊन नाशिकला गेले. निरोपाच्या दिवशी ते प्रत्येकाशी निव्वळ कामाचं बोलले, माझ्याशीसुद्धा. मला वाईट वाटलं. मग सगळे पांगले, खोलीत आम्ही दोघंच उरलो, आणि सर कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

"तू होतास म्हणून निभावलं रे," ते स्टुलाला म्हणाले. "तिकडे मी आता कुणाला रागवू? वेळेवर जेवत जा."

 सरांकडे बघायचा धीर होईना, म्हणून मीही स्टुलालाच म्हणालो, "हो सर."